ओळखा पाहू, डब्यात काय?

भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत अकोला-अमरावतीकडे गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो. तो खुळखुळवून विचारतात, खाऊ ओळखा. गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? मोठ्या बहिणीच्या मांडीवरची चार वर्षांची पोर प्रत्येक वेळी "लाडू!" म्हणून ओरडते. दोन-चार संध्याकाळी गेल्या की तिला उमगतं, 'तिखट' असं उत्तर आलं म्हणजे लाडू बाद. ऐकलेलं लक्षात ठेवायचं, नको ते गाळायचं, आपली पाळी येईस्तोवर थांबायचं. शाळेत पुढे लागणारं हे सगळं ती खेळताखेळता शिकते.

आणि बालवाडीतून घरी आलेल्या लेकराला आपण पहिलं काय विचारतो? "आज काय लिवलं?" हा प्रश्न मला खुपतो. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती घडलेली नसतात. पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल करताना, कणीक मळताना, चिंचोके चिमटीत उचलून वाटीत टाकताना बोटं पेन्सिलीसाठी तयार होतात. (चिंचोके नाकात-तोंडात जातात, तेव्हा मोठं माणूस जवळ हवंच.)

भातुकलीचं मोल तर याहून मोठं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी दाखवलं की अशा खेळात मूल आपणहून नियम पाळतं. दुकानदार झालेलं पोर समोरचे शेंगदाणे खात नाही, कारण ते गिऱ्हाइकाचे. शिवाय दगडाला बटाटा मानता येणं ही लहान गोष्ट नव्हे. चार रेघांना 'क' मानायला हीच समज लागते.

खेळाचं हे मोल महाराष्ट्राला पटवून देणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीतच राहत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभारलं. नंतर कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी घेऊन गेल्या. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून खडे, शंख-शिंपले, पानं, बिया हीच साधनं झाली. 2022 च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या शिक्षणात खेळालाच मध्यभागी ठेवलं आहे.

मेळघाटात अशा खेळातून शिकण्याची गरज सर्वांत जास्त आहे. धारणी-चिखलदऱ्यातली कित्येक मुलं घरी कोरकू बोलतात. मराठी फळ्यासमोर गप्प बसलेलं मूल मातीत खेळताना मात्र भरभरून बोलतं. बालवाडीच्या ताईंनी त्या खेळात बसावं, त्याचा कोरकू शब्द आधी आपण उच्चारावा आणि मग शेजारी मराठी शब्द ठेवावा.