वसंतातील वीण आणि घरट्यांची तयारी : जुन्या भिंतींतील फटींना लाकडी पेटीचा पर्याय

वसंत ऋतूची चाहूल लागताच चिमणी, साळुंकी, दयाळ आणि पोपट हे पक्षी घरट्यासाठी जागा शोधू लागतात. झाडाच्या फांदीवर उघडे घरटे बांधणे हा त्यांचा सहसा स्वभाव नाही. त्यांना ढोली, भिंतीतील फट किंवा वळचणीचा आडोसा लागतो. जुन्या वास्तूंनी हा आडोसा शतकानुशतके पुरविला. नव्या बांधकामात तो नाहीसा होत असल्याने लाकडी घरट्यांचे महत्त्व वाढले आहे.

वाराणसीचा अहिल्याबाई घाट हे अशा जुन्या बांधकामाचे उत्तम उदाहरण होय. दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस असलेला हा घाट अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी बांधविला. काशी विश्वनाथ मंदिराची १७८० मधील पुनर्उभारणीही त्यांचीच. घडीव दगडांच्या उंच भिंतींत काळाच्या ओघात सांध्यांतील चुना झिजतो, दगडांमध्ये पोकळ्या निर्माण होतात आणि पारवे, साळुंक्या, पोपट व चिमण्या यांना तेथे निवारा मिळतो. महाराष्ट्रातील वाड्यांमध्ये हेच काम कोनाडे, वासे आणि कौलांखालील मोकळी जागा करीत असे.

पक्ष्यांसाठी राखलेली शेते

अहिल्याबाईंच्या दानधर्मात पशुपक्ष्यांचाही विचार होता. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांनी मध्य भारताविषयीच्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. शेतकरी उभ्या पिकावरून पाखरांना हाकलून लावीत. त्या पाखरांना निर्धास्तपणे दाणे टिपता यावेत, यासाठी अहिल्याबाईंनी पिकाची शेते विकत घेतली होती, असे माल्कम यांनी लिहिले आहे.

शहरांतील चिमणी

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार, देशाचा एकत्रित विचार करता चिमण्यांची संख्या सुमारे पंचवीस वर्षे स्थिर राहिली आहे. मात्र मुंबईसह मोठ्या महानगरांत ती घटत गेल्याचे दिसते. सलग काँक्रीटच्या आणि काचेच्या भिंतींत घरट्यास जागा उरत नाही. कीटकनाशकांमुळे व हिरवळ घटल्यामुळे पिलांचे खाद्यही कमी होते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी स्थापन केलेल्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्ष्याचा दर्जा दिला.

घरटे कसे असावे?

चिमणीसाठी सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या, रंग न दिलेल्या लाकडाची पेटी उत्तम ठरते. पत्रा आणि पातळ प्लास्टिक उन्हात तापते. वाराणसी किंवा विदर्भातील उन्हाळ्यात अशा पेटीत पिले दगावू शकतात. पेटीचा तळ आतून सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबरुंद असावा. प्रवेशाचे छिद्र सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे आणि तळापासून बारा ते पंधरा सेंटिमीटर उंचीवर ठेवावे. या छिद्रातून चिमणी सहज आत जाते. साळुंकीला मात्र ते अपुरे पडते. छिद्राबाहेर बसण्यासाठी काडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते. घरट्यावर टपलेल्या शत्रूला मात्र तिचा आधार मिळतो. हवेसाठी छपराखाली आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी तळाला बारीक छिद्रे असावीत. छप्पर थोडे पुढे आलेले व स्वच्छतेसाठी उघडता येणारे असावे.

पेटी जमिनीपासून दोन ते तीन मीटर उंचीवर, भिंतीला घट्ट बसवावी. दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा टाळण्यासाठी तिचे तोंड उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे ठेवावे. मांजर उडी मारून पोहोचेल असा कठडा जवळ नसावा. छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत पेटी लावणे पक्ष्यांच्या जिवावर बेतते. चिमण्या समूहाने राहतात, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन-तीन पेट्या लावण्यास हरकत नाही.

वेळ आणि निगा

नवी पेटी माघ महिन्यातच लावल्यास पक्ष्यांना तिची सवय होण्यास अवधी मिळतो. जुन्या पेटीतील गवत, पिसे काढून ती उकळत्या पाण्याने धुवावी व उन्हात पूर्ण वाळवावी. कीटकनाशक वापरू नये. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर कापड बांधावे. हे काम पेटी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच करावे.

चिमणी साधारणतः तीन ते पाच अंडी घालते. सुमारे बारा दिवसांत पिले बाहेर येतात आणि आणखी पंधरवड्याने उडू लागतात. या महिनाभरात पेटी उघडणे, हलविणे किंवा छायाचित्रासाठी जवळ जाणे टाळावे. पिलांना प्रामुख्याने अळ्या व किडे भरविले जातात. त्यामुळे केवळ तांदळाचे दाणे टाकून भागत नाही. अंगणात किंवा सज्जात देशी झुडपे, पाण्याचे उथळ भांडे आणि धूळस्नानासाठी थोडी कोरडी माती असल्यास पेटी वापरली जाण्याची शक्यता वाढते. दाणापाणी मात्र पेटीपासून दूर ठेवावे, अन्यथा कावळे तिच्याकडे आकृष्ट होतात.

जुन्या वास्तूंची डागडुजी करताना याच कालक्रमाचे भान आवश्यक आहे. भिंतीचे सांधे भरण्याचे काम पावसाळ्यानंतर हाती घेऊन माघापूर्वी संपवावे आणि फटी बुजविण्याआधी आत घरटे नसल्याची खात्री करावी. बांधकामाला धोका नसलेल्या काही पोकळ्या तशाच राखता येतात. जेथे त्या बुजविणे अपरिहार्य असेल, तेथे त्याच भिंतीवर लाकडी पेट्या लावल्यास परतणाऱ्या जोडप्यांचा निवारा टिकून राहतो.