अंगण वाकडं की पाऊल?

रविवारची सकाळ. रेंजवर पॉइंट टू टू रायफलीचा सराव नुकताच संपलाय. परवापरवापर्यंत दहा गोळ्यांत शंभरापैकी पंच्याण्णव-शहाण्णव गुण मिळवणारी मुलगी आज अठ्ठ्याऐंशीवर अडकली आहे. लक्ष्याच्या कागदावर भोकं नुसती विखुरलेली. ‘रायफलच बिघडलीय, बाबा,’ ती रडवेल्या आवाजात म्हणते. बाबा तोंडानं काही बोलत नाहीत, पण मनात म्हणतात, ‘नाचता येईना अंगण वाकडं!’ आणि शेजारी उभी असलेली आई हिशेब मांडू लागते, नवी रायफल घ्यायची म्हणजे आता किती लाख?

खरं सांगायचं तर तिघांनीही निकाल जरा घाईनंच दिलेला असतो.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हा प्रसंग आता अनोळखी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावलं. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून ‘मलाही रायफल शिकायचीय’ असा हट्ट धरणारी मुलं वाढली. मात्र नेम बिघडला की काय करायचं, हे पालकांना कुणी सांगत नाही.

बटणाएवढं लक्ष्य

पॉइंट टू टू म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची छोटी गोळी. शिशाची, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. परदेशांत शेतकरी ससे-उंदरांच्या बंदोबस्तासाठी असल्या रायफली बाळगतात. आपल्याकडे ती मुख्यत्वे रेंजवर दिसते, आणि तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं! एवढ्या अंतरावर एवढ्याशा जागी गोळी घालायची, तर केसाएवढी चूकही महागात पडते. मग ती चूक हाताची असो, वाऱ्याची असो, नाही तर एखाद्या ढिल्या स्क्रूची.

कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं

आपली म्हण नाचणाऱ्याला दोष देते. पण अभिनव बिंद्राची गोष्ट ऐका. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत तो तिसऱ्या क्रमांकानं पोचला, आणि सातवा आला. आपलं काय चुकलं, हे त्याला कळेना. तो जिथं उभा होता तिथली फरशी सैल होती, हे पुढं समजलं. अंगण अक्षरशः वाकडं होतं!

चार वर्षांनी बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावातली पहिलीच गोळी भलतीकडे गेली. रायफलीची साइट हललेली होती. तो गडबडला नाही. हाताशी होत्या तेवढ्या मिनिटांत त्यानं साइट पुन्हा जुळवली आणि भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ‘मीच वाईट खेळतोय’ असं म्हणत तो तसाच खेळत राहिला असता तर?

भोकांची भाषा

म्हणून आधी कागद वाचायला शिका. सगळी भोकं एकत्र आहेत पण मध्यापासून दूर आहेत, तर रायफल उत्तम आहे. फक्त साइट जुळवायची. दोन वेगवेगळे पुंजके दिसले, तर काहीतरी ढिलं झाल्याचा संशय घ्या. भोकं आडव्या रेषेत पसरली, तर वारा किंवा रायफलीचा कल तपासा. उभ्या रेषेत पसरली, तर श्वास तपासा. नाही तर गोळ्यांचा वेग कमी-जास्त होतो आहे. चहूकडे विखुरली, तर गोळ्या, नळी आणि नेमबाजाचा पवित्रा, तिन्ही पाहावं लागेल. पाच गोळ्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप तरी हवेत.

त्यानंतर सोपी कसोटी म्हणजे तीच रायफल आणि त्याच गोळ्या प्रशिक्षकाच्या किंवा एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हाती द्या. त्याचीही भोकं विखुरली तर दोष रायफलीत किंवा गोळ्यांत. त्याची नीट बसली तर मुलीच्या पवित्र्याकडे, चाप ओढण्याकडे आणि झोपेकडेही बघा. परीक्षेच्या दिवसांत नेम बिघडणं काही नवलाचं नाही.

स्वस्तातला उपाय आधी

रायफल रिकामी आहे, बोल्ट उघडा आहे, याची खात्री करून मगच तपासणी सुरू करायची. पहिलं काम पान्याचं. साइटचे आणि नळी दस्त्याला जोडणारे स्क्रू पाहा. ते नुसते आवळून भागत नाही. दोन्हींवर दर वेळी ठरलेला तेवढाच जोर हवा, म्हणून जोर मोजणारा पाना वापरतात. दस्ता लाकडी असेल तर आपला पावसाळाही ध्यानात ठेवा. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि नळीवरचा दाब बदलतो.

दुसरं काम सफाईचं. गोळीवरचं मेण आणि शिसं नळीत साचत जातं. सळई नेहमी मागच्या बाजूनं घालायची. तोंडाकडून घातली तर नळीची कड घासते. ती कड थोडीशी जरी दुखावली, तरी बाहेर पडणारा वायू गोळीला एका बाजूनं ढकलतो. आणि सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नका. नळी पुन्हा रुळायला वेळ लागतो.

तिसरं काम गोळ्यांचं. इथंच बहुतेक घरं फसतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या असल्या तरी प्रत्येक लॉट वेगळा असतो, आणि प्रत्येक नळीला मानवणारा लॉटही वेगळा. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की बसवून वेगवेगळे लॉट तपासतात आणि मग हवा तो लॉट घेतात. आपल्याला एवढं जमत नसेल, तरी डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहिणं नक्की जमेल. मागच्या महिन्यात गुण चांगले होते आणि तेव्हा लॉट वेगळा होता, एवढं कळलं तरी अर्धं कोडं सुटतं. महागडी गोळीच चांगली, हाही भ्रम काढून टाका. तुमच्या नळीला जी मानवते तीच चांगली.

या सगळ्यात एक नियम सोन्याचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू आवळले, गोळ्या बदलल्या आणि साइटही फिरवली, तर गुण सुधारले तरी कशामुळे सुधारले हे कधीच कळणार नाही. आणि नळी, चाप किंवा बोल्ट उघडायची वेळ आलीच, तर घरी खटपट करू नका. परवानाधारक कारागिराकडेच जा.

इतकं सगळं करूनही दोष सापडला नाही, तर नवी रायफल जरूर बघा. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.

रविवारच्या त्या मुलीला खरं तर नव्या रायफलीआधी एक वही हवी आहे. त्या वहीत तारीख, हवामान, लॉट, गुण आणि आदल्या रात्रीची झोप, सगळं लिहायचं. आणि शेजारी बसून ‘चल, दोघं मिळून शोधू या’ म्हणणारे बाबा हवेत. अंगण वाकडं आहे की पाऊल, हे रागावून कळत नाही. एकदा अंगण मोजून पाहावं लागतं.