तांत्रिक लेखन : विहिरीच्या काठावरून

‘विहिरीतील पाण्याच्या निर्जंतुकीकरणार्थ विरंजक चूर्णाचा योग्य त्या प्रमाणात वापर करण्यात यावा व याबाबत संबंधितांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी.’ पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीच्या फलकावर अशी एखादी सूचना लागली, तर तिच्यात व्याकरणाची चूक कोणालाही काढता येणार नाही. परंतु ती वाचून विहिरीवर गेलेला जलसुरक्षक पावडरीचे पोते उघडून तेथेच थांबेल. योग्य प्रमाण म्हणजे किती, हे सूचनेत नाही. दक्षता कोणती, हे नाही. ‘संबंधित’ कोण, हेही नाही. शिवाय गावोगावी जिला टी.सी.एल. पावडर म्हणतात तेच हे विरंजक चूर्ण, हे त्याला वेगळे सांगावे लागेल.

तांत्रिक लेखन म्हटले की शास्त्रज्ञांचे प्रबंध किंवा अभियंत्यांचे आराखडे डोळ्यांसमोर येतात. वास्तविक यंत्राशेजारी टांगलेले सूचनापत्रक, पाळी बदलताना लिहिलेली नोंद, तपासणीचा अहवाल, वरिष्ठांकडे जाणारी टिपणी हे सारे तांत्रिक लेखनच होय. कामाच्या जागी ते रोज होते आणि बहुधा ज्यांनी लेखनाचे शिक्षण घेतलेले नाही अशांच्या हातून होते. त्याची परीक्षा भाषेच्या सौंदर्यावरून होत नाही. वाचणाऱ्याने वाचून झाल्यावर काय केले, यावरून होते. पाण्याच्या बाबतीत ही परीक्षा कठोर असते. पत्रक फसले तर गॅस्ट्रोचे आणि काविळीचे रुग्ण दवाखान्यात येतात.

वरील सूचना कामाची करावयाची झाल्यास प्रथम आकडे द्यावे लागतील. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर तीत सुमारे २८,००० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारणपणे अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असल्यास किंवा पावडर जुनी असल्यास हे प्रमाण वाढते. आता हा हिशोब विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने करावा अशी अपेक्षा ठेवणे सोयीचे असले, तरी शहाणपणाचे नाही. पाण्याच्या खोलीनुसार किती पावडर घ्यावयाची याचा तक्ता त्या विशिष्ट विहिरीसाठी आधीच करून देता येतो. सत्तर ग्रॅम मोजण्यास तराजू नसेल, तर मापही तक्त्यासोबतच द्यावे लागते.

आकड्यांनंतर क्रम येतो, आणि बहुतेक पत्रके येथेच घसरतात. पावडर बादलीत घेऊन थोड्या पाण्यात तिची लापशी करावयाची, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावयाचे, पाच-दहा मिनिटे थांबून चुना तळाशी बसू द्यावयाचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावयाची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून पाण्यात खालीवर हलवावयाची, अशी ही कृती आहे. तळाचा साका विहिरीत टाकावयाचा नसतो, कारण त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. ही ताकीद पत्रकाच्या शेवटी ‘टीप’ म्हणून छापली, तर वाचणारा तेथवर पोहोचेपर्यंत साका विहिरीत गेलेला असतो. ताकीद कृतीच्या आधी हवी. तासभर पाणी शेंदू नये, हेही पावडर टाकण्यापूर्वी सांगावयास हवे. काठावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांना परत पाठवावयाचे ते त्याच वेळी.

कारणे कितपत द्यावीत, याविषयी मतभेद आहेत. पत्रक लांबते ही तक्रार खोटी नाही. तथापि पोत्याचे तोंड उघडे राहिल्यास हवा आणि ओल लागून पावडरीतील क्लोरीन निघून जाते, हे एक वाक्य ज्याने वाचले आहे तो पोते बांधून ठेवतो. ‘पोते बंद ठेवावे’ एवढेच वाचलेला माणूस घाईच्या दिवशी विसरतो.

शब्दांचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोशापासून विविध शास्त्रीय विषयांच्या परिभाषा कोशांपर्यंत मोठे काम केले, आणि शासनव्यवहार मराठीत येण्यास त्याचा आधार झाला. परंतु कोशातील संज्ञा ही अभ्यासकांच्या आणि कार्यालयांच्या परस्पर व्यवहारासाठी असते. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला लोक चावीवाला म्हणतात. त्याच्यासाठी लिहिताना ‘झडप’ हा शब्द कितीही शुद्ध असला तरी परका ठरतो. कायद्यानेही हे जुन्या काळीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची तरतूद करण्यात आली होती. तरतुदीतील शब्द ‘समजणाऱ्या’ असा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘करण्यात यावे’ या प्रयोगाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. आदेश व्यक्तीला नव्हे तर पदाला उद्देशून असतो, म्हणून प्रशासनात त्याला स्थान आहे. कामाच्या पत्रकात मात्र त्याने कर्ता नाहीसा होतो. जलसुरक्षकाने पावडर टाकावी, आरोग्य सेवकाने नमुना तपासावा, असे लिहिले की कोणी काय करावयाचे याचा वाद उरत नाही.

नोंदवहीचेही असेच आहे. ‘पाणी तपासले, ठीक आहे’ या नोंदीवरून साथीच्या दिवसांत काहीही शोधून काढता येत नाही. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलेल्या रंगात संयुक्त क्लोरीनही मिसळलेले असते. म्हणून रंग केव्हा पाहिला, हे लिहिल्याशिवाय त्या रंगाला अर्थ नाही. नमुना टाकीजवळच्या नळाचा की वस्तीतील शेवटच्या नळाचा, हेही लिहिले पाहिजे. वाटेत क्लोरीन कमी होत जाते, आणि शेवटच्या घरी ते उरले आहे की नाही हाच खरा प्रश्न असतो. याच नोंदींवरून वरिष्ठांना अहवाल पाठविताना ‘शेवटच्या नळाला क्लोरीन आढळले नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत घालावे लागते. संदर्भ, पत्रक्रमांक आणि पूर्वपीठिका यांच्या खाली ते गेले, तर टपाल पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटण्याचा संभव फार.

पत्रक छापण्यापूर्वी ते पारखण्याचा एक साधा उपाय आहे. ज्याने ते वापरावयाचे त्याच्या हाती द्यावे, लिहिणाऱ्याने बाजूला गप्प उभे राहावे आणि तो कोठे थबकतो ते पाहावे. तो ज्या ओळीपाशी विचारील, ती ओळ बदलावयाची. मग मोठ्या अक्षरांत छापून, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून, ते कार्यालयाच्या भिंतीवर नव्हे तर पावडरीचे पोते जेथे ठेवलेले असते तेथे टांगावयाचे.