कान फुटतो, त्याचे मूळ नाकात

दरवर्षी पाचवीचे नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात, तेव्हा वाड्यावस्त्यांवरून आलेल्या एखाद्या मुलाच्या कानात कापसाचा बोळा दिसतो. ‘लहानपणापासून कान वाहतो, विहिरीचे पाणी गेले असेल,’ असे पालक सहज सांगून जातात. या समजुतीची चिकित्सा करावी, एवढाच या लेखामागे आमचा हेतू आहे.

कानाचा पडदा धड असेल, तर बाहेरचे पाणी त्याच्या पलीकडे जात नाही. पू होतो तो पडद्यामागील मध्यकर्णात, आणि तेथे जाणारी वाट नाकाच्या मागील पोकळीतून निघते. ही अरुंद वाट म्हणजे सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी युस्टेशियन नलिका. मोठ्या माणसात ती लांब व उतरती असते. तान्ह्या मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी.

न्यूमोकॉकस, हिमोफिलस व मोराक्सेला हे जिवाणू अनेक निरोगी बालकांच्याही नाका-घशात उपद्रव न करता राहतात. सर्दीचे विषाणू आले की अस्तर सुजते, नलिका बंद होते आणि मध्यकर्णात स्राव साचतो. तेथे पोहोचलेले जिवाणू या स्रावात वाढतात. पुवाचा दाब असह्य झाला की पडदा फुटतो. नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेली असेल, तर तेथे जिवाणूंचा तळच पडतो व दुखणे पुनःपुन्हा उलटते.

वयाबरोबर नलिका लांबते आणि हा त्रास कमी होतो. परंतु ज्याचा पडदा भरून आला नाही, त्याचा कान वाहतच राहतो. अशा मुलाला नीट ऐकू येत नाही. आणि आपण त्यास ‘मठ्ठ’, ‘दुर्लक्ष करणारा’ ठरवून मागच्या बाकावर बसवतो. शिक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या समाजाला हे परवडणारे नाही.

उपाय आवाक्यातले आहेत. बाळास अंगावर पाजावे. बाटली देणे भागच पडले, तर आडवे निजवून देऊ नये. चूल व विडीचा धूर त्याच्यापासून दूर ठेवावा. न्यूमोकॉकसची लस २०१७पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१पासून देशभर शासकीय लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत ती चुकवू नये. कानात तेल, रस वा काडी घालू नये. फुटलेल्या पडद्यातून मात्र पाणी खरोखरच आत जाते. म्हणून अशा मुलाने कान कोरडा राखावा व विहिरीत पोहणे टाळावे. साध्या सर्दीवर प्रतिजैविके मनाने देऊ नयेत. पण कान दुखू वा वाहू लागल्यास वडूजला डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी पुढे पाठविल्यास साताऱ्यास जाण्याची टाळाटाळ करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत कानाचे आजारही पाहिले जातात. त्या दिवशी मूल शाळेत हजर असावे.

प्रवेशाच्या वेळी पालकांनी पाल्याच्या कानाचे दुखणे लपवू नये. ते कळले, तर आम्ही त्यास पहिल्या बाकावर बसवू शकतो.