सशाला अचानक झटके येतात? आधी कारण शोधा

सकाळी नीट चारा खाणारा ससा दुपारी एकाएकी आडवा पडतो, पाय ताणतो, लोळतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाऊ लागतो. अशा वेळी 'फेफरे आले, गेले' म्हणून सोडून देऊ नका. झटके हे लक्षण आहे, रोग नव्हे.

प्रथम चारा आठवा. कीटकनाशक फवारलेला लसूणघास किंवा बांधावरचे गवत खाल्ल्यास लाळ गळते, अंग थरथरते व झटके येतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल सशाला कधीही लावू नये. तेही विषारी ठरते. उन्हाळ्यात पत्र्याखालील पिंजऱ्यात उष्माघात होतो. कानात खरजेच्या खपल्या असतील तर संसर्ग आतल्या कानापर्यंत जाऊन तोल जातो. ते लोळणे झटक्यासारखेच दिसते. यापैकी काहीच आढळले नाही तर 'एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय' या सूक्ष्म परजीवीची शंका घ्यावी. त्याचे बीजाणू लघवीवाटे पसरतात आणि बाधित ससा बरेच दिवस निरोगी दिसू शकतो.

झटका चालू असताना तोंडात पाणी वा औषध घालू नये. सशाला गोणपाटावर, शांत व अंधाऱ्या जागी ठेवावे. झटका किती वेळ टिकला ते लिहून ठेवावे. अंग तापले असल्यास कान साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फ लावू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे, चाऱ्याचा नमुना सोबत न्यावा. झटका थांबत नसेल तर क्षणाचाही उशीर नको.

आजारी ससा वेगळा ठेवावा, रिकामा पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा आणि स्वतःचे हात साबणाने स्वच्छ करावेत.