पहाटेचे बँकॉक

पर्यटकांच्या जथ्याबरोबर बँकॉकला गेलेल्या प्रवाशाचा दिवस बहुधा दोन भागांत वाटलेला असतो: सकाळी मंदिरे आणि सायंकाळी बाजार. वाट फो या विहारात तो ४६ मीटर लांबीची शयनस्थ बुद्धमूर्ती पाहतो व तिच्या पाठीमागे मांडलेल्या १०८ कांस्यपात्रांत एकेक नाणे टाकीत जातो. रात्री चाओ फ्राया नदीत नौकाविहार होतो. याओवारात या चिनी पेठेत दिव्यांच्या झगमगाटात खाणेपिणे चालते. दोन्हीकडे हात खिशाकडेच जात असल्यामुळे विहार हेही एक प्रेक्षणीय स्थळच वाटू लागते.

परंतु या नगरीचा धर्म पाहावयाचा, तर पहाटे उठावयास हवे. काषाय वस्त्रे परिधान केलेले भिक्षू पात्र घेऊन अनवाणी निघतात. गृहस्थ पादत्राणे काढून पात्रात अन्न घालतो व हात जोडतो. स्त्रियाही अन्न घालतात. मात्र भिक्षूला स्पर्श होऊ देत नाहीत. भिक्षू आभार मानीत नाही. क्वचित मंगलपाठ म्हणतो. दानाने पुण्य जोडण्याची संधी मिळाली, म्हणून येथे कृतज्ञ व्हावयाचे ते देणाऱ्याने! मिळालेले अन्न मध्यान्हापूर्वीच सेवन करावयाचे, असा भिक्षूंचा नियम आहे.

माधुकरीची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटू नये. मात्र जथ्याचा कार्यक्रम सहसा न्याहारीनंतर सुरू होतो, आणि तोवर भिक्षू विहारात परतलेले असतात.