लहान बोअरची बंदूक आणि माळरानावरील पक्ष्यांची शिकार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव गणपतीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. गावाबाहेरचा परिसर मात्र दख्खनच्या इतर कोरडवाहू भागासारखाच आहे: मुरमाड माळ, बोरी-बाभळींचे बांध आणि मधूनमधून गवत. तितर व लावा या पक्ष्यांना असाच अधिवास मानवतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या या मुलखात बंदुकीची शिकार ही प्रामुख्याने अधिकारी व जमीनदार वर्गाची हौस होती. त्या बंदुकीची नळी लहान असेल तर ती पक्ष्याच्या दृष्टीने सौम्य ठरते, असा एक समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या जितक्या गोल गोळ्या मिळून एक पौंड वजन भरेल, तो त्या बंदुकीच्या बोअरचा आकडा होय. साहजिकच आकडा मोठा, तर नळी अरुंद. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, २० बोअरचा १५.६ आणि २८ बोअरचा १४ मिलिमीटर असतो. ‘४१०’ हा आकडा मात्र बोअरचा नसून इंचाच्या सहस्रांशांत सांगितलेला व्यास आहे.

१२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असतात. २८ बोअरमध्ये २१ आणि ४१० मध्ये १४ ग्रॅमच्या आसपास. इंग्रजी ६ क्रमांकाचे छर्रे घेतल्यास ही संख्या अनुक्रमे २८५, २०० आणि १३५ च्या जवळपास जाते. छऱ्यांचा वेग तिन्ही बंदुकांत फारसा वेगळा नसतो. म्हणजे एकेका छऱ्याचा आघात तेवढाच राहतो, कमी होते ती संख्या. अंतर वाढले की विरळ छऱ्यांमधील फटी रुंदावतात आणि एखाददुसरा छर्रा लागलेला पक्षी जखमी होऊन निसटतो. तितर तर मुळातच उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो. जखमी तितर काटेरी बोरीत शिरला की कुत्र्यावाचून सापडत नाही. हलकी बंदूक दिवसभर वाहणे सोपे आणि पायाजवळून अचानक उठणाऱ्या लाव्यावर ती चटकन रोखता येते, हा तिचा गुण खरा. पण तो शिकाऱ्याच्या सोयीचा आहे, पक्ष्याच्या नव्हे.

लहान नळी व बारीक छर्रे यांचा सयुक्तिक उपयोग अभ्यासासाठी नमुने गोळा करताना होई, कारण त्यामुळे पक्ष्याची कातडी व पिसे कमी खराब होत. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केलेली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी ही अशा नमुना-संग्रहावर आधारलेल्या पद्धतीचीच होती. फासेपारधी समाजाला बंदूक लागलीच नाही. पाळीव तितराच्या हाकेवर रानातला तितर फाशात येई.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्रारंभी लहान शिकारीचा परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती तरतूद संपली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी तितर-लाव्याच्या शिकारीवरील बंदी कायम राहिली. घोटाळा होतो तो शस्त्र अधिनियम, १९५९ मुळे. त्यात किमान २० इंच नळीच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी संरक्षण अथवा ‘क्रीडा’ हे कारण मान्य आहे. परंतु हा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, पक्षी मारण्याचा नाही. १९७२ च्या अधिनियमानुसार फासा लावणे, पक्षी पकडणे, इतकेच नव्हे तर त्याची अंडी फोडणे हीसुद्धा शिकारच आहे.